कान कुणाचा?

आमच्या शेजारच्या जिन्यात एक सर राहतात. त्यांचं नाव छापत नाही, कारण 'नाव छापणार नाही' असं त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलंय, दोन प्रतींत. महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवतात आणि गेली एकवीस वर्षं शिस्तपालन समितीचे प्रमुख आहेत. मुलं त्यांना 'शिस्तसर' म्हणतात. आधी पाठीमागे म्हणायची, आता तोंडावर म्हणतात.

शिस्तसरांचा घसा पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. गेटवरून त्यांनी "ए निळा शर्ट!" अशी हाक दिली, की थेट कँटीनपर्यंतचे सगळे निळे शर्ट जागच्या जागी थिजायचे. दर ऑगस्टला घसा बसायचा, ज्येष्ठमध सुरू व्हायचं. गेली पाच-सहा वर्षं ज्येष्ठमध बंद आहे. घसा ठणठणीत आहे, कारण तो वापरातच नाही. आता मनगट दुखतं. डॉक्टरांनी विचारलं, "टेनिस खेळता का?"

सर म्हणाले, "नाही. शिस्त लावतो."

*

पूर्वी शिस्तसरांकडे तीन हत्यारं होती. पहिलं, आय-कार्ड काढून घेणं. दुसरं, "उद्या वडिलांना घेऊन ये." तिसरं, "टर्म ग्रँट करणार नाही."

आज आय-कार्ड काढून घेतलं, तर दुसऱ्या दिवशी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावलेला माहिती अधिकाराचा अर्ज येतो : माझं ओळखपत्र कोणत्या नियमानुसार ताब्यात घेतलं, त्या नियमाची साक्षांकित प्रत मिळावी. नियम सापडत नाही. ओळखपत्र सापडतं, ते परत दिलं जातं.

वडिलांना बोलावलं, तर वडील येतात. पूर्वी ते आले की आधी पोराला एक लगावायचे आणि मग सरांना नमस्कार करायचे. आता शांतपणे खुर्चीत बसतात, मोबाइल टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "हं सर, बोला. मघाशी फोनवर बोललात ना, ते पुन्हा पहिल्यापासून बोला."

राहिली हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांच्या आतल्यांची डिफॉल्टर लिस्ट बोर्डावर लागली, की एके काळी कॉरिडॉरमध्ये सुतकी शांतता पसरायची. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने विधी महाविद्यालयांना सांगितलं, की केवळ हजेरी कमी आहे म्हणून विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नका. सरांच्या कॉलेजात विधी शाखा नाही. ते शहरही दिल्ली नव्हे. पण निकालाची बातमी मुलांच्या ग्रुपवर सकाळी आली आणि सरांच्या पेपरात दुसऱ्या दिवशी. मधल्या चोवीस तासांत अकरा जणांनी सरांना ती समजावून सांगितली. त्या अकरांपैकी नऊ जणांना सर त्या दिवशी पहिल्यांदाच पाहत होते.

*

आता सायलेन्सरचं प्रकरण.

गेल्या जुलैतली गोष्ट. दुसरा तास, मागणीचा नियम, फळ्यावर वक्ररेषा अर्धी काढून झालेली. एवढ्यात पार्किंगमधून फट्... फट्... फटाक! वक्ररेषा तिथेच कोसळली. सर खिडकीशी धावले. खाली एक मुलगा मोटारसायकल स्टँडला लावत होता.

जुन्या काळी या प्रकरणाचा निकाल अकरा सेकंदांत लागला असता. "गाढवा, बापाच्या लग्नाची वरात आहे का?" सुनावणी, युक्तिवाद आणि शिक्षा, सगळं एकाच वाक्यात. खर्च शून्य.

सरांनी तोंड उघडलं, मिटलं, श्वास घेतला आणि ड्रॉवर उघडून 'नमुना ब' काढला.

३ जुलै : घटना.

५ जुलै : सरांचा लेखी अहवाल. 'फटाक' हा शब्द प्राचार्यांनी खोडून 'अनुचित ध्वनी' असा केला.

९ जुलै : प्राचार्यांचा शेरा, "विधी सल्लागारांचं मत घ्यावं."

२२ जुलै : मत आलं. "कारवाई करता येईल. तथापि केल्यास तिला आव्हान दिले जाऊ शकते. न केल्यास निष्क्रियतेचा ठपका येऊ शकतो. सबब आपल्या स्तरावर योग्य तो निर्णय घ्यावा." बिल स्वतंत्र पाकिटात.

३० जुलै : कारणे दाखवा नोटीस. हातात दिली तर घेतली नाही, म्हणून रजिस्टर एडीने पाठवली. मुलगा त्या वेळी वर्गात, पहिल्या बाकावर बसलेला होता.

६ ऑगस्ट : मुलाचं उत्तर. त्याचा चुलतभाऊ एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याचा हा पहिलाच खटला, त्यामुळे त्याने जीव ओतला होता. "एक : सदर आवाज माझ्या वाहनाचा होता, हे मी नाकारतो. दोन : आवाज झाला, हेही नाकारतो. तीन : वरील दोन्हींना बाधा न येता, आवाज किती डेसिबलचा होता याचा पंचनामा मिळावा. चार : या प्रकरणात तक्रारदार, साक्षीदार, चौकशी अधिकारी आणि निर्णय देणारे असे चौघेही एकच गृहस्थ आहेत."

सरांनी चौथा मुद्दा तीनदा वाचला. मग चष्मा काढून म्हणाले, "हे मात्र बरोबर आहे हो."

त्या दिवसापासून सर फक्त साक्षीदार झाले आणि समिती नेमली गेली.

*

समित्यांचं एक बरं असतं. कॉलेजात समित्या पुष्कळ असल्या, तरी माणसं तेवढीच असतात. रॅगिंगविरोधी समिती, तिचं पथक, अंतर्गत तक्रार समिती, विद्यार्थी तक्रार निवारण समिती, परीक्षेतल्या गैरप्रकारांची समिती, शिस्तपालन समिती. तेच आठ जण खुर्च्या बदलून बसतात. सोमवारी जे 'पथक' म्हणून वसतिगृहावर अचानक भेट देतात, तेच मंगळवारी 'समिती' म्हणून पथकाच्या अहवालाची गांभीर्याने दखल घेतात.

प्रत्येक समितीच्या मागे एक नियमावली आहे आणि प्रत्येक नियमावलीचं घड्याळ वेगळं चालतं. रॅगिंगचा गुन्हा दिसला, तर चोवीस तासांत पोलिसांकडे जायचं. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी नव्वद दिवसांत संपवायची आणि प्रकरणात विद्यार्थी असतील, तर समितीत विद्यार्थी प्रतिनिधीही घ्यायचे. इतर तक्रारींसाठी २०२३ चे नियम आहेत, त्यांचं घड्याळ पंधरा कामाच्या दिवसांचं. वर लोकपाल. सरांच्या केबिनमध्ये भिंतीवर एकच घड्याळ आहे आणि ते बंद आहे. त्याच्या दुरुस्तीचा प्रस्ताव खरेदी समितीपुढे आहे.

रॅगिंगविरोधी समितीत नियमाप्रमाणे पोलीस लागतात, स्थानिक माध्यमांचा प्रतिनिधी लागतो, पालक लागतात, नवे विद्यार्थी लागतात, जुने विद्यार्थी लागतात. एवढी सगळी मंडळी एका टेबलाभोवती एकाच वेळी येतात ती फक्त 'नॅक'ची मूल्यांकन करणारी टीम येते त्या दिवशी. त्या दिवशी फोटो निघतो. तो फोटो पुढची पाच वर्षं बैठक घेतो.

*

एवढं वाचून एखादा निवृत्त वाचक सुस्कारा सोडेल : बघा, कायद्यानं शिक्षकाचे हात बांधले. काय ते दिवस होते!

थांबा काका. ते दिवस का गेले, तेही पाहू.

महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा झाला १९९९ साली. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, आणि दोषी ठरला की पाच वर्षं दुसऱ्या कुठल्या संस्थेतही प्रवेश नाही. हे झालं विद्यार्थ्यापुरतं. पण या कायद्यात एक तरतूद खास केबिनसाठी आहे. तक्रार आली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची. केली नाही, टाळाटाळ केली, तर त्यानंच गुन्ह्याला साथ दिली असं धरायचं. धडधाकट कान आणि शाबूत डोळा असताना केलेल्या कानाडोळ्याला विधिमंडळानं गुन्ह्यात जमा केलं.

विधिमंडळाला हे सुचावं, इतकं काय घडलं होतं? फारसं काही नाही. तीन वाक्यं घडली होती. "सिनियर आहेत, जरा गंमत करतात." "आपसांत मिटवा." "कॉलेजच्या नावाचा तरी विचार कर." ही वाक्यं म्हणायला घसाही लागत नाही, हळू आवाजातच म्हणायची असतात. आज जे 'गेले ते दिवस' म्हणून उसासे टाकतात, त्यांनीच ते दिवस या तीन वाक्यांनी घालवले.

पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मार्गदर्शक सूचना दिल्या. कॉलेजांनी त्या बोर्डावर लावल्या आणि त्यांच्यावर गॅदरिंगची नोटीस चिकटवली. २००७ मध्ये सीबीआयचे माजी संचालक आर. के. राघवन यांच्या समितीनं अहवाल दिला. पोरांच्या 'गमती' समजून घ्यायला सीबीआयचा माजी प्रमुख लागला, यातच काय ते आलं. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात सिनियरांच्या मारहाणीनंतर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी दगावला. जून २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले. हेल्पलाइन आली, पथकं आली, आणि विद्यार्थ्यानं व पालकानं दर वर्षी द्यायचं प्रतिज्ञापत्र आलं.

एवढा सगळा दारूगोळा कशासाठी? तर घाबरलेलं पोर केबिनच्या दारात येऊन "सर, जरा बोलायचं होतं" म्हणालं, तर आतल्या माणसानं मान वर करावी, यासाठी.

पूर्वी शिस्तीत कान लागायचा तो विद्यार्थ्याचा. पिळायला. कायद्यानं एवढंच म्हटलं, की आता जरा तुमचा वापरा. ऐकायला.

महाविद्यालयांनी विचार केला आणि मनगट पुढे केलं.

*

स्टाफरूममधला लाडका सिद्धांत असा, की न्यायालयं आम्हाला काही करूच देत नाहीत. हा सिद्धांत मांडणाऱ्यांनी एकही निकाल वाचलेला नसतो. वाचले तर चहा थंड होतो.

जून १९७२, रांचीचं राजेंद्र मेडिकल कॉलेज. रात्री काही विद्यार्थी मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात विवस्त्र शिरले. छत्तीस मुलींनी प्राचार्यांकडे तक्रार दिली. प्राचार्यांनी तीन प्राध्यापकांची समिती नेमली. समितीनं मुलींचे जबाब त्या मुलांच्या माघारी घेतले, कारण समोरासमोर बसवलं असतं तर दुसऱ्या दिवशी त्या मुलींना त्याच आवारात वावरायचं होतं. संशयितांचे फोटो इतर विद्यार्थ्यांच्या फोटोंत मिसळून मुलींना ओळखायला दिले. मग मुलांना बोलावून आरोप सांगितले, त्यांचं म्हणणं ऐकलं, आणि दोन वर्षांसाठी घरी पाठवलं. मुलं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली : साक्षी आमच्यासमोर झाल्या नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही! १९७३ मध्ये न्यायालयानं प्राचार्यांची बाजू उचलून धरली. नैसर्गिक न्याय म्हणजे सगळ्या अंगांना बसवायचा एकच सदरा नव्हे, प्रसंग पाहून तो बेतायचा असतो, असा त्या निकालाचा मथितार्थ.

तीन प्राध्यापकांनी फक्त डोकं वापरलं होतं. ते न्यायालयाला पटलं. आजही पटेल, पण त्यासाठी नमुना छापलेला नाही.

परीक्षेचंही तसंच. १९६२ मध्ये उत्तर प्रदेशाच्या परीक्षा मंडळाला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, कॉपीच्या आरोपावरून निकाल रद्द करण्याआधी त्या मुलांचं म्हणणं ऐका. १९७० मध्ये बिहारच्या मंडळाला सांगितलं, अख्ख्या केंद्राचीच परीक्षा गैरप्रकारांत बुडालेली दिसत असेल, तर प्रत्येकाला वेगळं बोलावत बसायची गरज नाही. एकानं कॉपी केली तर त्याला विचारा. गावानं केली तर विचारायचं काय? हा कायदा नाही, शहाणपण आहे. फरक एवढाच, की ते इंग्रजीत लिहिलं आहे आणि त्याला खंड-पृष्ठ क्रमांक आहेत.

आता उलटं उदाहरण. मे २०२५, पुणे. अभियांत्रिकीच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीनं समाजमाध्यमावर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे पाठवली. मग काढून टाकली, माफी मागितली. महाविद्यालयानं तिचं म्हणणं न ऐकता तिला काढून टाकलं. अटकही झाली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामीन दिला, काढून टाकण्याच्या आदेशाला स्थगिती दिली, आणि तिला परीक्षेला बसू द्या, असं सांगितलं.

पाहा बरं का. फुटक्या आवाजासाठी आमच्या सरांच्या कॉलेजात चार महिने, आणि इथे एका मुलीचं सगळं शिक्षण पणाला लागलेलं असताना काही दिवससुद्धा नाहीत. तेव्हा विधी सल्लागार कुठे होते? नमुना ब कुठे होता? बाहेर घोषणा सुरू झाल्या, की ड्रॉवरला कुलूप लागतं. जिथे थांबून विचारायला हवं तिथे घाई, आणि जिथे अकरा सेकंदांत भागेल तिथे फाइल. याला कायद्याची भीती म्हणत नाहीत. कायद्याची भीती असती, तर दोन्हीकडे सारखी दिसली असती. ही भीती जो जास्त ओरडेल त्याची आहे. पूर्वी ओरडायचे ते सर. आता बाहेरचे ओरडतात आणि सर लिहून घेतात.

मधल्यामध्ये गेटवरच्या माणसाचे हाल. चेंबूरच्या एका महाविद्यालयानं हिजाब, टोपी वगैरेंना बंदी घालणारी वेशभूषा ठरवली. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं हिजाब-टोपीच्या बंदीला स्थगिती दिली, वर विचारलं की मग टिळा लावून येणाऱ्यालाही अडवणार का? दोन न्यायालयांमध्ये हे सगळं रीतसर झालं. पण रोज सकाळी सात वाजता गेटवर उभ्या राहणाऱ्या शिपाईमामांनी घटनापीठाची वाट पाहायची, की पोरीला "ये बाई, तास सुरू झालाय" म्हणायचं, हे कुठल्याच आदेशात नसतं.

*

हे फक्त आपल्याकडचं, असं समजू नका. आमच्याच जिन्यातल्या एका काकूंची नात अमेरिकेत शिकते. तिच्या विद्यापीठात शिस्तीचं अख्खं वेगळं कार्यालय आहे म्हणे. काकूंना आधी ते पोलीस ठाणंच वाटलं.

तिकडेही सुरुवात न ऐकण्यातूनच झाली. १९६० मध्ये अलाबामातल्या माँटगोमेरीत कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखीव उपाहारगृहात जाऊन बसले. त्यांच्या महाविद्यालयानं काहीही न विचारता काही जणांना काढून टाकलं. १९६१ मध्ये न्यायालयानं सांगितलं, सरकारी महाविद्यालयातून काढायचं तर आधी आरोप कळवा, मग बाजू ऐका. एवढं साधं वाक्य. त्यावर पुढे जो इमला चढला, त्यात लैंगिक छळाच्या प्रकरणांचेच नियम २०२० मध्ये बदलले आणि प्रत्यक्ष सुनावणीत उलटतपासणी आली. मध्यंतरी सरकार बदललेलं असल्यानं २०२४ मध्ये ते पुन्हा बदलले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयानं २०२४ चे नियम रद्द केले आणि सगळे परत २०२० वर आले. पाच वर्षांत शिस्त खात्यातल्या माणसानं दोन नियमावल्या पाठ केल्या, त्यातली एक विसरला आणि पहिली पुन्हा पाठ केली. आपल्याकडे निदान एक सोय आहे. पहिली कुणी पाठच केलेली नसते.

*

शिस्तसरांच्या मनगटाखाली एक जागा आहे, तिथे ते हात लावू देत नाहीत. ती दोन खटल्यांच्या बातम्यांनी दुखते.

राजस्थानातल्या शाळेत एका शिक्षकानं विद्यार्थ्याला रागावलं. पुढे त्या मुलानं आत्महत्या केली. शिक्षकावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा दाखल झाला. शिस्तीसाठी रागावणं म्हणजे आत्महत्येस चिथावणं नव्हे, असं म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या एका वसतिगृह प्रमुखालाही न्यायालयानं अशाच आरोपातून मुक्त केलं. दुसऱ्या विद्यार्थ्याची तक्रार आली, म्हणून तो एका मुलाला बोलला होता.

दोन घरांत पोर गेलं, त्यापुढे कुणाच्या मनगटाचं काय दुखणं. पण स्टाफरूममध्ये या निकालांचं फक्त अर्धं वाक्य पोचलं. 'दोषमुक्त' हा शब्द वाटेत पडला, 'गुन्हा दाखल' तेवढा पोचला.

परिणाम असा. मागच्या बाकावरचा एक मुलगा आठ दिवस मान खाली घालून बसत होता. पूर्वी सरांनी खडू फेकला असता आणि तास संपल्यावर विचारलं असतं, "काय रे, जेवलास का?" या वेळी सरांनी खडू फेकला नाही, हे चांगलंच झालं. पण "जेवलास का" हेही विचारलं नाही. त्यांनी समुपदेशकांकडे पाठवण्याचा फॉर्म भरला. समुपदेशक गुरुवारी दोन ते चार येतात. तो दिवस शुक्रवार होता. फॉर्मवर 'विद्यार्थ्याशी झालेला संवाद' असा एक रकाना आहे. सरांनी तिथे लिहिलं, "लागू नाही."

सर वाईट नाहीत. मी त्यांना ओळखतो. त्यांनी स्वतःला वाचवलं, एवढंच. अडचण अशी, की या नोकरीत ते कुणाला तरी वाचवायला होते.

*

या कामासाठी माणूस कसा निवडतात, तेही ऐकून ठेवा. शिस्त समितीला दुसरा सदस्य हवा होता. जे कायम नोकरीत आहेत त्यांच्याकडे पाठीचं दुखणं, संशोधन आणि अनुभव होता. त्यामुळे ते उठले नाहीत. तासिका तत्त्वावरच्या एका तरुण प्राध्यापकाला नेमलं. पगार तासावर, जबाबदारी चोवीस तास. त्याला नोटीस काढायचा अधिकार आहे, कारण नोटिशीला उत्तर आलं तर तोवर त्याचं सत्र संपलेलं असेल.

त्याच्यासाठी कार्यशाळाही झाली. विषय, 'नैसर्गिक न्यायाची तत्त्वे'. एका वकीलसाहेबांनी दोन तास समजावलं की समोरच्याचं ऐकून घेणं किती महत्त्वाचं आहे. शेवटी विचारलं, "काही शंका?" कुणालाच शंका नव्हती, कारण कुणी ऐकलंच नव्हतं. मग समोसे आले. त्यांची पोच घेतली.

*

सायलेन्सर प्रकरणाची सुनावणी १४ नोव्हेंबरला झाली. बालदिन होता, हा योगायोग समितीच्या लक्षात आला नाही.

पहिली चाळीस मिनिटं चुलतभावाला आत बसू द्यायचं की नाही, यात गेली. तो अजून वकील झालेला नाही, म्हणून आक्षेप आला. समितीतलंही कुणी न्यायाधीश झालेलं नाही, असं त्यानं नम्रपणे लक्षात आणून दिलं. त्याला खुर्ची मिळाली. मग अध्यक्षांनी घसा खाकरला आणि मुलाला म्हणाले, "आपली बाजू मांडा."

मुलगा उठला. चुलतभावानं दिलेला कागद त्यानं उघडला, पाहिला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "सर, सायलेन्सर फुटलाय."

समिती गप्प.

"वडिलांची जुनी गाडी आहे. रात्री पार्सलं पोचवतो तिच्यावर. खड्ड्यात आपटली, पाइप सुटला. मुद्दाम नाही काही."

"मग हे जुलैत का सांगितलं नाही?" अध्यक्षांनी विचारलं.

"सांगणार होतो सर. पण तुम्ही नोटीस पाठवलीत. मग दादा म्हणाला, आता तोंडी काही बोलायचं नाही."

शिस्तसर साक्षीदाराच्या खुर्चीत होते. ते एकदम दाराकडे वळून म्हणाले, "मामा, तुम्हाला माहीत होतं?" पाण्याची बाटली घेऊन उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "हो की. पहिल्याच दिवशी गेटवर विचारलं मी त्याला. नाक्यावर वेल्डिंगवाला आहे, दीडशे घेतो. पगार झाल्यावर करतो म्हणाला."

"मग बोलला नाहीत ते!"

"तुम्ही कुठं विचारलं? सगळे लिहीत होते."

फाइल एव्हाना दोनशे बारा पानांची झाली होती. टपालखर्च, झेरॉक्स आणि विधी सल्लागारांचं बिल मिळून जी रक्कम झाली, तिच्यात अख्ख्या पार्किंगमधले सायलेन्सर बदलून झाले असते. हे वाक्य इतिवृत्तात घेऊ नये, असं ठरलं.

इतिवृत्तात घेतलं ते असं : "ठराव क्र. ४. सदर प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. तथापि यापुढे अशा प्रकरणी प्रथमदर्शनी माहिती असलेल्या शिपाई वर्गाचे म्हणणे ऐकून घेण्यात यावे. त्यासाठी स्वतंत्र नमुना तयार करण्यात यावा. नमुना म."

नमुना दुसऱ्याच दिवशी छापून आला. तीन पानं, सहीची जागा पाच ठिकाणी. शिस्तसरांनी तो मामांपुढे ठेवला, मनगट चोळत म्हणाले, "मामा, इथे इथे सह्या करा."

मामांनी चष्मा लावला, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं. मग पेन खाली ठेवून म्हणाले, "करतो सर. पण आधी एक झेरॉक्स द्या. माझ्याकडे पण असू दे."